न्हाणीघरातील ऊर्जानीती

गेल्या मार्गशीर्षातील एका पहाटे आमच्या न्हाणीघरातल्या गिझरने अठरा वर्षांच्या सेवेनंतर अंग टाकले. आदल्या रात्रीपासून त्याच्या बुडातून पाणी ठिबकत होते. पण 'उद्या पाहू' म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केले होते. साडेपाच वाजता आईने नेहमीप्रमाणे बटण दाबले आणि साऱ्या घराची वीज खटकन् गेली. खटका वर करावा, की तो पुन्हा खाली. गिझरचे बटण बंद ठेवले तेव्हा कुठे दिवे लागले. आईचे वय ८४. दिवस उजाडण्यापूर्वी आंघोळ आणि आंघोळीनंतरच चहा, हा तिचा साठ-पासष्ट वर्षांचा नेम. त्या दिवशी शेगडीवर पातेले चढवून तिचे स्नान कसेबसे उरकले. कढत पाण्याचे ते पातेले ओल्या फरशीवरून न्हाणीघरापर्यंत नेताना माझी जी त्रेधा उडाली, तिच्यामुळेच या विषयाचा मी गांभीर्याने विचार करू लागलो, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

दुपारी वायरमन आला. त्याने गिझर उतरवला, उघडला आणि निदान सांगितले. पाणी तापवणाऱ्या दांडीचे आवरण सडून वीज पाण्यात उतरू लागली होती. गळती ओळखणारा खटका गेल्या वर्षीच बसवला होता म्हणून निभावले. "काका, खटका पडला हे नशीब समजा," एवढेच तो म्हणाला. तापवणारी दांडी बदलता येते, तापमान राखणारे थर्मोस्टॅट बदलता येते, रबरी चकतीही बदलता येते. परंतु टाकीलाच जोडाजवळ छिद्र पडले असेल, तर त्या गिझरवर पुढे पैसा घालण्यात अर्थ नसतो. आमच्या टाकीला छिद्र पडले होते. टाकीच्या पोटात मॅग्नेशियमची एक कांडी असते. पाण्यातील क्षार लोखंडाऐवजी आधी त्या कांडीला खातात, म्हणजे स्वतः झिजून टाकी वाचवणे हेच तिचे काम. दर दोन-तीन वर्षांनी ती पाहावी आणि झिजली असेल तर बदलावी, असा संकेत आहे. अठरा वर्षांत ती मी एकदाही पाहिली नव्हती. अशी कांडी असते हेच मला ठाऊक नव्हते! आता तिच्या जागी एक गंजकी तार तेवढी उरली होती आणि तळाशी तांब्याभर पांढरा चुना साचला होता. मोटारीचे तेल वेळेवर बदलणारे आपण मध्यमवर्गीय घरातल्या या यंत्राच्या बाबतीत किती निष्काळजी असतो, याचा तो पुरावाच होता.

मग नव्याचा शोध सुरू झाला. पहिल्या दुकानात रंग दाखवण्यात आले, दुसऱ्यात आकड्यांची चमकती पाटी, तिसऱ्यात भ्रमणध्वनीवरून कार्यालयात बसून चालू करता येणारा गिझर. मी कार्यालयात असताना घरच्या न्हाणीघरात पाणी तापवून कोणास न्हाऊ घालायचे, हा प्रश्न त्या तरुण विक्रेत्याला पडला नसावा. परंतु तिन्ही दुकानांत मला न विचारलेल्या गोष्टी अधिक महत्त्वाच्या होत्या. घरात माणसे किती? आंघोळी एकापाठोपाठ होतात की दिवसभर? पाणी धरणाचे की कूपनलिकेचे? घर कितव्या मजल्यावर, आणि गच्ची कोणाची? न्हाणीघराला उघडणारी खिडकी आहे काय? सर्वांत वृद्ध व्यक्तीचे वय काय? ही उत्तरे ठाऊक नसताना दिला जाणारा सल्ला म्हणजे नाडी न पाहता दिलेले औषध होय. ग्राहकही ते मुकाट्याने घेतो, कारण त्याला सकाळच्या आंघोळीची घाई असते. जुने यंत्र बंद पडल्यावरच नव्याचा विचार करायचा ही आपली सवयच अशा वेळी आपल्याला महागात पडते.

आमच्या पिढीने पाणी तापवण्याची तीन-चार युगे पाहिली. वाईच्या घरी तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत बंबफोड घालायची, वरून ओतलेल्या थंड पाण्याने तोटीतून गरम पाणी बाहेर यायचे, आणि शेवटच्याने पुढच्यासाठी पाणी ओतून ठेवायचे, असा अलिखित कायदा. कायदा मोडणाऱ्यास थंड पाण्याने न्हावे लागे. दिवाळीपूर्वी चिंचेने घासलेल्या बंबाची झळाळी आजही डोळ्यांसमोर आहे. तथापि या स्मरणरंजनात फार रमू नये. त्या धुराने आईचे डोळे आणि आजीची छाती दोन्ही अधू केली, आणि वखारीतून लाकडाच्या मोळ्या वाहून आणणारे हातही घरातल्या स्त्रियांचेच असत. बंब गेला हे चांगलेच झाले. परंतु बंबाच्या काळात एका बादलीची किंमत किती, हे घरातल्या पोरालाही कळत असे, कारण ती लाकडांच्या रूपाने डोळ्यांना दिसत होती. बटणाने ती दिसेनाशी केली.

ती किंमत पुन्हा दिसावी म्हणून थोडे गणित करू. वाचकांनी कंटाळू नये. शाळेतल्या विज्ञानाच्या पलीकडचे त्यात काही नाही. एक लिटर पाणी एक अंश सेल्सियसने तापवण्यास सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. वीस लिटरची बादली २२ अंशांवरून ४२ अंशांपर्यंत न्यायची, तर विजेच्या भाषेत जवळजवळ अर्धे युनिट. तीन माणसांच्या तीन बादल्या म्हणजे दीड युनिट; वाया जाणारी उष्णता आणि किरकोळ वापर धरला तर थंडीत दिवसाला दोन, महिन्याला साठ. हा आकडा लहान वाटेल. परंतु महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १०० आणि ३०० युनिटांवर बदलतात व पुढचा टप्पा मागच्याहून बराच महाग असतो. दिवे, पंखे, शीतकपाट यांना पर्याय नाही, म्हणून त्यांनी खालचे स्वस्त टप्पे व्यापले असे धरले, तर गिझरची युनिटे बिलाच्या सर्वांत वरच्या, सर्वांत महाग टप्प्यात जाऊन बसतात. पाणी तापवण्याची पद्धत बदलून वाचते ते महागडे युनिट होय, सरासरी युनिट नव्हे.

आता पर्याय पाहू. टाकी जवळजवळ नसलेला, नळ सोडताच पाणी तापवणारा तीन किलोवॉटचा गिझर स्वस्त असतो व जागा थोडी घेतो. परंतु तीन किलोवॉटमध्ये पाण्याचे तापमान वीस अंशांनी वाढवायचे, तर मिनिटाला सव्वादोन लिटरांहून अधिक पाणी मिळणे पदार्थविज्ञानाच्या नियमानेच अशक्य आहे. म्हणजे वीस लिटरची बादली भरायला नऊ मिनिटांहून अधिक वेळ. स्वयंपाकघरात खरकटी भांडी धुण्यास तो उत्तम; माघातल्या पहाटे चार माणसांच्या आंघोळीस नव्हे. शिवाय त्याला तेरा अँपिअर प्रवाह लागतो. जुन्या इमारतींतील बारीक तारांवर तो जोडणे धोक्याचे आहे.

टाकीच्या गिझरचे गणित निराळे. पंधरा लिटरांच्या टाकीतील पाणी २५ वरून ६५ अंशांपर्यंत तापवायला दोन किलोवॉटची दांडी सुमारे २१ मिनिटे घेते आणि ०.७ युनिट वीज खाते. त्या पाण्यात २५ अंशांचे विसण घातले की ४० अंशांचे चाळीस लिटर पाणी, म्हणजे दोन बादल्या मिळतात. पंचवीस लिटरांच्या टाकीतून साडेसहासष्ट लिटर. दुकानदार सहसा मोठी टाकी गळ्यात मारतो. एकापाठोपाठ न्हाणाऱ्या आणि बादलीने न्हाणाऱ्या तीन माणसांच्या घराला ती लागत नाही, कारण पहिला न्हाऊन बाहेर पडेपर्यंत दुसऱ्याचे पाणी तापलेले असते. तुषारस्नानाची सवय असेल तर मात्र मोठी टाकी हवी. त्या सवयीला मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज लागते.

ताऱ्यांच्या चिठ्ठीविषयीही बराच गैरसमज आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला आणि २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाले, त्यानंतर ही तारांकनाची पद्धत आपल्याकडे रुजली. पाच तारे म्हणजे पाणी पाचपट वेगाने किंवा निम्म्या विजेत तापते असे नाही. विजेची दांडी एक तारेवाली असो वा पाच तारेवाली, ती विजेचे रूपांतर जवळजवळ संपूर्णतः उष्णतेतच करते. तारे सांगतात ते हे की, तापलेले पाणी टाकीत नुसते पडून राहिले तर दिवसभरात किती उष्णता गळते. गिझर अहोरात्र चालू ठेवणाऱ्या घराला पाच ताऱ्यांचा फार मोठा लाभ. आंघोळीपूर्वी वीस मिनिटे चालवून बंद करणाऱ्याला तुलनेने थोडा. अर्थात टाकीभोवतीचे आवरण जाड असणे केव्हाही चांगलेच. पण आवरणासाठी दिलेला पैसा आणि रंगीत झाकणासाठी दिलेला पैसा यांतला भेद ग्राहकाला कळला पाहिजे.

टाकीचे अस्तर, दाब सोसण्याची क्षमता आणि सुरक्षा झडप या तीन गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात. पाण्याच्या दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब पडतो. चार मजली इमारतीत तळमजल्यावरही तो दीड बारच्या फारसा पलीकडे जात नाही, पण उंच मनोऱ्यांत, अथवा पंपाने दाब वाढवलेल्या नळावर साधी टाकी टिकत नाही. कूपनलिकेचे जड पाणी येत असेल तर काचलेपाची टाकी आणि वर सांगितलेली कांडी यांना पर्याय नाही. विजेच्या गिझरसाठी आयएस २०८२ हे भारतीय मानक आहे. त्याचा क्रमांक आणि मानचिन्ह आवरणावर आहे की नाही, हे पाहण्यास अर्धे मिनिट पुरते.

आता गॅस गिझर. प्रत्येक दुकानदाराने मला तोच सुचवला आणि त्यामागे लबाडी नव्हती. तो खरोखरच स्वस्तात चालतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो वायू असतो. ऐंशी टक्के उष्णता पाण्याला मिळाली असे मानले, तर एका सिलिंडरमध्ये आपल्या वीस लिटरच्या सुमारे ३१० बादल्या तापतात. तीन माणसांच्या घराला शंभर दिवस. तेवढ्याच बादल्यांना विजेची १४५ युनिटे लागतील. वाचकांनी आपल्या सिलिंडरची किंमत १४५ ने भागावी आणि आलेले उत्तर वीजबिलातील वरच्या टप्प्याच्या दराशी ताडून पाहावे. बहुतेक घरांत गॅसच स्वस्त ठरेल. शिवाय पाणी तत्काळ, अखंड आणि वीज गेली तरीही. (आपण वापरतो त्या वायूपैकी निम्म्याहून अधिक परदेशातून येतो, हा मुद्दा स्वतंत्र लेखाचा आहे.)

असे असूनही न्हाणीघराच्या आत बसवलेला गॅस गिझर मी कोणाच्याही घरात पाहू इच्छित नाही. पस्तीस वर्षांच्या पत्रकारितेत यासंबंधीच्या दोन बातम्या मी स्वतः लिहिल्या आहेत. दोन्ही थंडीतल्या, दोन्ही लहान शहरांतल्या. दोन्ही वेळा दार फोडावे लागले. एका ठिकाणी लग्नाला वर्षही न झालेले जोडपे गेले होते, दुसऱ्या ठिकाणी दहावीतली मुलगी. प्रथमदर्शनी शेजाऱ्यांना तो हृदयविकाराचा झटका वाटला, कारण ना भाजल्याची खूण, ना धूर, ना गॅसचा वास. दोन्ही गिझर नवे आणि निर्दोष होते. दोष होता तो थंडी आत येऊ नये म्हणून कायमच्या बंद केलेल्या खिडकीत.

यामागील कार्यकारणभाव साधा आहे. बंद खोलीत ज्योत जळू लागली की ती खोलीतला प्राणवायू संपवू लागते. प्राणवायू अपुरा पडला की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. परिणामी श्वास चालू असतानाच शरीर गुदमरते. आधी डोके जड होते, मग गरगरते. माणसाला वाटते की गरम पाण्याने ग्लानी आली. दार उघडण्याची बुद्धी होईतो हातापायांतले त्राण गेलेले असते. सिलिंडरमधल्या वायूला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास दिलेला असतो, हे आपण शाळेतल्या मुलांनाही शिकवतो. पण इथे गळती नसतेच मुळी. त्यामुळे 'वास आला तर बंद करू' ही खात्रीच घातक ठरते.

'गीझर' हा शब्द मूळचा आइसलँडमधल्या उष्ण पाण्याच्या कारंजाचा. लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन याने १८६८ साली गॅसवर पाणी तापवणारे यंत्र बनवले आणि त्याला हे नाव दिले. त्या पहिल्या यंत्राचा मोठा दोष म्हणजे जळलेला वायू बाहेर नेणारे धुराडे त्याला नव्हते. दीडशे वर्षे उलटून गेली, आणि आपल्या गावोगावच्या न्हाणीघरांत धुराडे नसलेली यंत्रे आजही खिळ्याला लटकत आहेत. लहान गॅस गिझरसाठी आयएस १५५५८ हे मानक आहे. यंत्र हवेशीर जागीच लावावे, असे कंपन्यांची माहितीपत्रकेही सांगतात. ते वाचतो कोण? जोडणी करणारा मुलगा पाण्याचा नळ जिथे आहे तिथे यंत्र ठोकतो, शंभराची नोट घेतो आणि पुढच्या घरी जातो.

यावर मनाई हा उपाय मी सुचवणार नाही; मनाई कागदावर राहते आणि यंत्र भिंतीवर. परंतु गॅस गिझर विकणाऱ्या दुकानदाराने, तो कोणत्या जागी बसवला याची जोडणाऱ्याच्या सहीची नोंद ठेवणे बंधनकारक करता येईल. यंत्र गच्चीत, सज्जात अथवा न्हाणीघराबाहेरच्या हवेशीर भिंतीवर लावायचे आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ न्यायचा. त्यासाठी चार-पाच मीटर नळ अधिक लागतो, एवढाच काय तो खर्च. सिलिंडर वितरकाचा माणूस शेगडीची तपासणी करायला येतो, त्याच वेळी त्याने न्हाणीघरात डोकवावे. ज्यांच्या घरी आजच असे यंत्र आत बसलेले आहे, त्यांनी हा अंक खाली ठेवून आधी खिडकी उघडते का ते पाहावे, आणि ते हलवेपर्यंत बादली भरून घेऊन, यंत्र बंद करून मगच आंघोळीला बसावे.

सौर बंबाकडे मी मोठ्या आशेने वळलो होतो. महाराष्ट्रात त्याला अनुकूल अशीच परिस्थिती आहे. ज्या महिन्यांत गरम पाणी हवे, त्या कार्तिक ते फाल्गुन या काळात आपले आकाश निरभ्र असते. कोकण आणि गोव्यात पावसाचे चार महिने त्याला पूरक सोय लागते, एवढेच. शंभर लिटर पाण्याचे तापमान ३५ अंशांनी वाढवणे म्हणजे दिवसाला चार युनिटे. वर्षात तीनशे दिवस ऊन धरले तरी बाराशे युनिटे. यंत्रात पंप नाही, मोटार नाही. तापलेले पाणी हलके होऊन आपणहून वर टाकीत चढते आणि थंड पाणी नळ्यांत उतरते. इतके साधे आणि इतके शहाणे यंत्र घरात दुसरे नसेल.

मग इतक्या इमारतींवरचे सौर बंब मृतवत् का पडले आहेत? पुण्यातील कोणत्याही उपनगरात उंच गच्चीवर जाऊन भोवती पाहावे. फुटलेल्या काचनळ्या, कललेल्या टाक्या, गंजलेले सांगाडे. पुणे महापालिका सौर बंब असलेल्या मिळकतींना करात सवलत देते, आणि ते योग्यच आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सौर अभियानात केंद्र सरकारनेही सौर बंबांना अनुदान दिले; २०१४ नंतर घरगुती बंबांचे ते अनुदान थांबले. परंतु सवलत असो वा अनुदान, मोजले गेले ते बसवलेले यंत्र. न्हाणीघरात आलेले गरम पाणी नव्हे. विकासकाने पूर्णत्वाच्या दाखल्यापुरते सर्वांत स्वस्त यंत्र गच्चीवर चढवले, दाखला घेतला आणि तो गेला. जड पाण्याच्या भागात काचनळ्यांत चुना साचून दोन-तीन वर्षांत त्या निकामी होतात. तेथे उष्णता-विनिमयाची सोय असलेले सपाट पत्र्याचे तबक लागते, जे महाग असते. शेजारी उंच इमारत उभी राहून दक्षिणेचे ऊन अडले तर कोणास विचारायचे? आणि देखभाल कोणाची? सोसायटीच्या अंदाजपत्रकात तिच्यासाठी एक ओळही नसते. बंगळूरमध्ये सौर बंब असलेल्या घरांना वीजबिलातच सूट देण्याची पद्धत आली आणि त्या शहराच्या छपरांवर या यंत्रांनी घर केले. आपल्याकडेही करसवलत देताना वर्षातून एकदा पाहणी करणाऱ्याने नळाखाली हात धरून पाहावा. त्याला फार मोठी यंत्रणा लागत नाही.

याशिवाय लांब नळाची अडचण आहे. पाऊण इंची नळाच्या एका मीटरमध्ये सुमारे ०.३ लिटर पाणी मावते. गच्चीपासून दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या न्हाणीघरापर्यंत चौदा मीटर नळ, म्हणजे गरम पाणी येण्यापूर्वी सव्वाचार लिटर थंड पाणी येणार. दुष्काळी महाराष्ट्रात ते मोरीत सोडणे हा अपराधच आहे. पण आपल्या बादलीच्या पद्धतीत हा प्रश्न उरत नाही. आधी आलेले थंड पाणी हेच विसण! त्यावर गरम पाणी पडले की बादली न्हाण्याजोगी होते. सौर पाणी साठ अंशांच्या आसपास असते आणि ते काही सेकंदांत भाजू शकते. म्हणून वृद्ध आणि मुले असलेल्या घरी आधी थंड, मग गरम हा क्रम तसाही पाळलाच पाहिजे. जुन्या बायका हेच सांगत असत.

छपरावरील वीजनिर्मितीचा विचार न करता सौर बंबाविषयी लिहिणे आज अपुरे होईल. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत घरगुती ग्राहकाला एक किलोवॉटला ३० हजार, दोन किलोवॉटला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. गृहनिर्माण संस्थांना सामाईक सोयींसाठी किलोवॉटमागे १८ हजार. सौर बंब उन्हातील निम्मी उष्णता पाण्यात उतरवतो, तर वीजपट्ट्या उन्हाचा साधारण पाचवा भाग विजेत बदलतात. निव्वळ गरम पाणीच हवे असेल, तर कमी जागेत बंब सरस. परंतु विजेने पंखाही चालतो, उद्वाहनही चालते, आणि गच्चीपासून प्रत्येक घरापर्यंत नळ ओढावा लागत नाही. गच्ची मोठी आणि घरे थोडी असतील तिथे दोन्ही बसवावीत. जिथे जागेची ओढाताण आहे, तिथे सोळा घरांचे नळ दुरुस्त करत बसण्यापेक्षा वीजपट्ट्याच बऱ्या, असे माझे मत झाले आहे. पाच वर्षांपूर्वी मी नेमके उलटे मत दिले असते. उष्मापंप नावाचा आणखी एक पर्याय आहे. तो हवेतली उष्णता खेचून एका युनिटात तीन युनिटांचे काम करतो. पण किंमत मोठी, जागा मोठी आणि आवाजही होतो. वसतिगृहे, रुग्णालये, मंगल कार्यालये यांनी त्याचा अवश्य विचार करावा.

आमच्या घरी काय झाले ते सांगतो. पंधरा लिटरांचा, काचलेपाच्या टाकीचा आणि चांगले आवरण असलेला विजेचा गिझर तिसऱ्या दिवशी बसला. त्याच्या किमतीच्या निम्मी रक्कम तार बदलणे, भूसंधान नव्याने करणे आणि नवा खटका यांवर गेली; ती मला अजिबात जड वाटली नाही. कांडी पाहण्याची तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवली आहे. न्हाणीघराच्या दाराची आतली कडी आईपुरती काढून टाकली. तिला ते आवडलेले नाही.

गच्चीचा प्रश्न मात्र सोसायटीच्या सभेत अडकला आहे. सर्वांत वरच्या मजल्यावरील गृहस्थांचे म्हणणे असे की, सांगाड्यासाठी छिद्रे पाडली की पावसाळ्यात गळती त्यांच्या दिवाणखान्यात होणार. त्यांचे चुकत नाही. गळती झाली तेव्हा मागच्या वेळी दोन वर्षे कोणी लक्ष दिले नव्हते. तळमजल्यावरील वहिनींनी विचारले, की पापड-कुरडया कुठे वाळवायच्या. त्यावर सभेत हशा पिकला, पण तोही प्रश्न खराच आहे. तेव्हा आधी गच्चीचे जलरोधन सामाईक खर्चाने करायचे, सांगाडा छिद्रे न पाडता वजनाच्या ठोकळ्यांवर उभारायचा, उत्तरेकडचा भाग वाळवणासाठी मोकळा ठेवायचा आणि देखभालीसाठी दरमहा वर्गणीत वेगळी रक्कम धरायची, असा ठराव मी लिहून दिला आहे. चिटणीसांनी तो पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर सातव्या क्रमांकाला घेतला आहे. सहाव्या क्रमांकावर वाहनतळ आहे, त्यामुळे त्या दिवशी सातव्यापर्यंत पोहोचू की नाही याची शंकाच आहे.